सहलीच्या दिवशी घरातल्या प्रत्येकाच्या किती कॅलरी खर्च झाल्या, हे कसे काढावे

गेल्या डिसेंबरमधल्या एका रविवारी आम्ही घरची सगळी मंडळी सिंहगडावर गेलो होतो. सकाळी साडेसहाला आतकरवाडीतून पायवाटेने चढायला सुरुवात केली, गडावर पिठलं-भाकरी खाल्ली आणि दुपारी बारा वाजून वीस मिनिटांनी पुन्हा खाली आलो. घरी आल्यावर मी मोबाइलमधल्या एका ॲपमध्ये वजन ६० किलो, प्रकार ‘डोंगरचढाई’ आणि वेळ ५ तास ५० मिनिटे असे भरले, तेव्हा २१०० कॅलरी असा आकडा आला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या शिफारशींनुसार, ५५ किलो वजनाच्या आणि बैठे काम करणाऱ्या भारतीय स्त्रीला पूर्ण दिवसाला १६६० कॅलरी लागतात. म्हणजे अर्ध्या दिवसाच्या सहलीत माझा सव्वा दिवसाचा आहार खर्च झाला, असे ते ॲप सांगत होते. हे पटण्यासारखे नव्हते, म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन पूर्ण दिवसाचा हिशेब मांडला. तो मांडताना जी रीत हाती आली ती इथे सविस्तर देत आहे.

आधी एक खुलासा करायला हवा. बोलीभाषेत आपण जिला ‘कॅलरी’ म्हणतो ती खरे तर किलोकॅलरी असते. खाद्यपदार्थांच्या पाकिटांवर आणि व्यायामाच्या ॲपमध्ये हाच अर्थ अभिप्रेत असतो, म्हणून या लेखातही कॅलरी हा शब्द त्याच अर्थाने वापरला आहे.

हालचालींचा खर्च मोजण्याचे सर्वांत सोयीचे माप म्हणजे ‘मेट’. शांत बसलेल्या प्रौढ माणसाचे शरीर दर किलो वजनामागे दर तासाला साधारण १ कॅलरी खर्च करते, आणि या खर्चाला १ मेट म्हणतात. एखाद्या हालचालीचे मूल्य ४ मेट असेल, तर ती करताना शरीर बसल्या जागच्या चौपट खर्च करते. अमेरिकेतील संशोधकांनी अशी शेकडो मूल्ये एकत्र करून १९९३ साली ‘कम्पेन्डियम ऑफ फिजिकल ॲक्टिव्हिटीज’ या नावाने प्रसिद्ध केली आणि २०००, २०११ व २०२४ साली त्यांच्या सुधारित आवृत्त्या काढल्या. जवळपास सगळी ॲप याच तक्त्यावर चालतात. तक्ता चांगला आहे. माझ्या ॲपची चूक तक्त्यात नव्हती, ती वेळेत होती, कारण ५ तास ५० मिनिटे आम्ही बाहेर असलो तरी चढत मात्र अवघी ८५ मिनिटे होतो.

म्हणून पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे दिवसाचे तुकडे पाडणे. कौटुंबिक सहल हा एकसलग व्यायाम कधीच नसतो. कुणाच्या बुटाची नाडी सुटते, कुणाला तहान लागते, लिंबू-सरबतवाल्यापाशी सगळे टेकतात, वाटेत ओळखीचे कुणी भेटले की दहा मिनिटे तिथेच जातात. स्मरणावर विसंबून या थांब्यांचा अंदाज करायला गेलो, तर आपण ते हमखास निम्म्याने कमी धरतो. त्यावर मला सापडलेला सोपा उपाय म्हणजे छायाचित्रे. प्रत्येक थांब्यावर बसल्या बसल्या एक आणि उठताना एक, असे दोन फोटो काढावेत, ते कशाचे आहेत याला महत्त्व नाही. मोबाइल प्रत्येक फोटोची वेळ नोंदवतो, त्यामुळे रात्री घरी आल्यावर फोटो क्रमाने पाहत गेले की दिवसाचे वेळापत्रक आपोआप उभे राहते. त्या दिवशी वर जाताना आम्ही एकदा, फार तर दोनदा टेकलो असे मला ठामपणे वाटत होते. फोटोंनी चार थांबे दाखवले आणि त्यांची बेरीज ३५ मिनिटे भरली.

अशा रीतीने माझा दिवस पुढीलप्रमाणे निघाला. चढण ८५ मिनिटे आणि त्यातली विश्रांती ३५ मिनिटे. गडावर पुणे दरवाजा, देवटाके, तानाजी मालुसऱ्यांचे स्मारक आणि कल्याण दरवाजा असे फिरण्यात ५५ मिनिटे, पाहत किंवा फोटो काढत उभे राहण्यात ३० मिनिटे, जेवणात आणि गप्पांत ८० मिनिटे. उतरण ५५ मिनिटे आणि उतरतानाचा एक थांबा १० मिनिटांचा. बेरीज ३५० मिनिटे, म्हणजे ५ तास ५० मिनिटे. ही बेरीज घड्याळाशी जुळलीच पाहिजे. ती जुळत नसेल, तर कुठला तरी तुकडा निसटला आहे असे समजून पुन्हा शोधावा.

दुसरे काम म्हणजे प्रत्येक तुकड्याला मेट-मूल्य देणे. पुढील आकडे मी २०११ च्या आवृत्तीला धरून, पण हिशेबाला सोपे पडावेत असे घेते. बोलत-खात बसणे १.३, उभे राहणे १.५, सपाटीवर ताशी ४ किलोमीटरच्या चालीने चालणे ३, ताशी पावणेपाच किलोमीटरच्या झपझप चालीने ३.५, डोंगर चढणे ६.३ आणि उतरणे साधारण ३.५. कुठला आकडा लावावा असा संभ्रम पडला, तर बोलून पाहावे. चालताना सहज गप्पा मारता येतात, पण गाणे म्हणायला श्वास पुरत नाही, अशी अवस्था असेल तर ती हालचाल मध्यम, म्हणजे ३ ते ६ मेटच्या दरम्यान असते. दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागत असेल, तर ती ६ मेटच्या वर गेली असे धरायला हरकत नाही. ही कसोटी धडधाकट प्रौढांनाच लागू पडते. मुले आणि वृद्ध यांच्याबाबत ती फसते, त्याचे कारण पुढे येईल.

आता प्रत्यक्ष हिशेब. मी खर्चाचे दोन रकाने करते. पहिल्या रकान्यात ‘मूळ खर्च’ येतो, म्हणजे शरीर नुसते जिवंत ठेवण्यासाठी लागणारी ऊर्जा, जी आपण घरी झोपून राहिलो असतो तरी लागलीच असती. दुसऱ्या रकान्यात ‘हालचालीचा खर्च’ येतो आणि तो काढण्यासाठी मेट-मूल्यातून १ वजा करून आलेल्या संख्येला किलोमधल्या वजनाने आणि तासांनी गुणायचे. हे दोन रकाने वेगळे ठेवण्याचा मोठा फायदा असा की सहलीमुळे नेमके काय अधिक खर्च झाले ते दुसऱ्या रकान्यात सरळ दिसते. ॲप बहुधा दोन्ही एकत्र करून दाखवते, आणि मूळ खर्चही आपण डोंगर चढून मिळवला असा आपला समज होतो.

चढणीचा तुकडा जरा जवळून पाहू. माझे वजन ६० किलो, पाठीवर पाण्याच्या बाटल्या आणि खाऊ धरून ४ किलोची पिशवी, म्हणून चढणीसाठी वजन ६४ किलो. मेट ६.३ वजा १ म्हणजे ५.३. वेळ ८५ मिनिटे म्हणजे १.४२ तास. तिघांचा गुणाकार सुमारे ४८०. याच पद्धतीने वाटेतल्या विश्रांतीचे १०, गडावरच्या फिरण्याचे ११०, उभे राहण्याचे १५, बसण्याचे २४, उतरणीचे १३८ आणि शेवटच्या थांब्याचे ३ आले. हालचालीचा एकूण खर्च ७८० कॅलरी झाला. उतरताना पिशवी जवळपास रिकामी होती, म्हणून तिचे वजन धरलेले नाही. पिशवी पाठीवर भरलेली असेल किंवा कडेवर लहान मूल असेल, तर मात्र ते वजन आपल्या वजनात मिळवायला विसरू नये. दोन वर्षांचे मूल कडेवर घेऊन गड चढणारे बाबा सहज १२ किलो अधिक वाहत असतात.

चढणीचा आकडा तपासून पाहण्याची एक स्वतंत्र रीत आहे आणि ती मला फार आवडते, कारण तिला कुठलाच तक्ता लागत नाही, फक्त शाळेतले भौतिकशास्त्र लागते. आतकरवाडीपासून गडावर जाताना आपण साधारण ६०० मीटर उंची चढतो. ६४ किलो वजन ६०० मीटर वर नेण्यासाठी लागणारे कार्य म्हणजे ६४ गुणिले ९.८ गुणिले ६००, अर्थात सुमारे ३ लाख ७६ हजार जूल. एका कॅलरीत ४१८४ जूल असतात, त्यामुळे हे कार्य अवघे ९० कॅलरींचे भरते. परंतु आपले स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेपैकी फार तर पाचवा ते चौथा भागच कामात उतरवतात आणि उरलेली ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते, म्हणून तर थंडीतल्या पहाटेही चढताना स्वेटर काढावा लागतो. ९० ला ४ ने आणि ५ ने गुणले की ३६० ते ४५० मिळतात. तक्त्यावरून आलेले ४८० यापेक्षा थोडे वर आहेत आणि ते तसेच असायला हवेत, कारण वर जाताना आपण अडीच किलोमीटरांहून अधिक पुढेही चालत असतो, शिवाय मधेमधे उतरून पुन्हा चढतो. दोन वेगळ्या वाटांनी एकाच ठिकाणी पोहोचलो की आकड्यावर विश्वास बसतो. राजगड, तोरणा, कळसूबाई, कुठल्याही डोंगराची पायथ्यापासूनची चढाई किती मीटर आहे एवढे ठाऊक असले, की ही पडताळणी दोन मिनिटांत होते. मात्र पुस्तकांत दिलेली समुद्रसपाटीपासूनची उंची इथे वापरू नये. सिंहगडाची ती उंची १३०० मीटरांच्या पुढे आहे, पण त्यातला निम्म्याहून अधिक भाग आपण पुण्याच्या पठारावर जन्मतःच चढून बसलेलो असतो.

मूळ खर्चासाठी प्रौढांना १९९० साली प्रसिद्ध झालेले मिफ्लिन-सेंट जिओर यांचे सूत्र वापरता येते. किलोमधल्या वजनाला १० ने गुणावे, सेंटिमीटरमधल्या उंचीला ६.२५ ने गुणून त्यात मिळवावे, वयाला ५ ने गुणून वजा करावे आणि शेवटी पुरुषांसाठी ५ मिळवावेत किंवा स्त्रियांसाठी १६१ वजा करावेत. उत्तर २४ तासांचे येते. माझे वय ३९ आणि उंची १५७ सेंटिमीटर, त्यामुळे दिवसाला सुमारे १२२५, म्हणजे तासाला ५१ कॅलरी. ५ तास ५० मिनिटांचे २९८ झाले. दोन्ही रकान्यांची बेरीज १०८०, म्हणजे ॲपने दाखवलेल्या २१०० च्या जेमतेम निम्मी.

आणि तरीही ‘सहलीमुळे जास्तीच्या किती’ या प्रश्नाचे उत्तर ७८० नाही. सहलीला गेले नसते, तर रविवारी सकाळी मी घरी स्वस्थ पडून राहिले नसते. स्वयंपाक, केर-फरशी, कपडे या कामांत दोन तास तरी गेले असते आणि त्यांचे सरासरी मूल्य २.५ मेट धरले, तर १८० कॅलरी होतात. उरलेला वेळ बसून गेला असता, त्याचे ७०. एकंदर २५० कॅलरींची हालचाल घरीही झालीच असती. ७८० मधून ती वजा केल्यावर ५३० उरतात. सहलीचा खरा वाढीव खर्च हा एवढा आहे. अंदाजात दोन्ही बाजूंना पाचव्या भागाची तफावत सहज पडते, म्हणून मी वहीत ‘४०० ते ६५०’ असेच लिहिले. ‘५३०’ हा नेमका दिसणारा आकडा लिहिला, तर तो मोजून आला आहे असा भास होतो आणि पुढच्या वेळी आपण त्यालाच प्रमाण मानतो.

मुलांचा हिशेब वेगळा का करावा लागतो, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. १ मेट म्हणजे दर किलोला तासाला १ कॅलरी हे समीकरण प्रौढांसाठी आहे. वाढत्या वयातील मुलांचा मूळ खर्च वजनाच्या मानाने कितीतरी जास्त असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८५ सालच्या अहवालातील सूत्रांनुसार, ३ ते १० वर्षांच्या मुलाचा दिवसाचा मूळ खर्च वजनाच्या २२.७ पट अधिक ४९५ आणि मुलीचा २२.५ पट अधिक ४९९ असतो. १० ते १८ या वयासाठी मुलाचा १७.५ पट अधिक ६५१ आणि मुलीचा १२.२ पट अधिक ७४६. माझा मुलगा ८ वर्षांचा आहे आणि त्याचे वजन २५ किलो आहे. त्याचा मूळ खर्च दिवसाला सुमारे १०६० म्हणजे तासाला ४४ कॅलरी येतो. दर किलोला तो तासाला पावणेदोन कॅलरींहूनही किंचित अधिक भरतो. ४२ किलो वजनाच्या माझ्या १३ वर्षांच्या मुलीचा मूळ खर्च तासाला ५२ कॅलरी येतो, म्हणजे तिच्यापेक्षा १८ किलोंनी वजनदार असलेल्या माझ्याएवढाच. प्रौढांसाठी केलेल्या ॲपमध्ये मुलाचे वजन टाकले की हा फरक सरळ गळून जातो आणि मुलांचा खर्च कमी दिसतो.

शिवाय मुलांची वेळ आपल्या वेळेपेक्षा वेगळी असते. माझे फोटो माझे थांबे दाखवतात, मुलाचे दाखवत नाहीत. आम्ही कट्ट्यावर बसलो की तो खालच्या वळणापर्यंत जाऊन ताईला शोधून परत येई, आणि गडावर जेवण होईपर्यंत तो माझ्या शेजारी सलग दहा मिनिटे बसलेला मला आठवत नाही. म्हणून त्याची चढण मी १०० मिनिटे धरली, विश्रांती २०, गडावर धावणे-चालणे मिळून १०० मिनिटे सरासरी ५ मेटने, बसणे ६५ मिनिटे आणि उतरण माझ्याइतकीच. हालचालीचा खर्च सुमारे ४५७ आला. लहान पावलांना तेवढ्याच अंतरासाठी वजनाच्या मानाने थोडी अधिक मेहनत पडते, म्हणून मुलांच्या या रकान्यात मी दहावा भाग वाढवते. तसे केल्यावर ५०० झाले. मूळ खर्चाचे २५८ धरून एकूण ७६० कॅलरी.

या आकड्याकडे पाहून मी थबकले. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला पूर्ण दिवसाला साधारण १७०० कॅलरी लागतात असे आपल्याकडच्या शिफारशी सांगतात, आणि त्यांतल्या जवळपास ४५ टक्के त्याने सहा तासांच्या आत खर्च केल्या होत्या. त्या दिवशी पहाटे घाईघाईत तो कपभर दूध पिऊन निघाला होता आणि आठच्या सुमाराला शेवटच्या चढावर एकाएकी रडकुंडीला आला होता. मी त्याला हट्टी म्हणून रागावलेही. हिशेब आधी केला असता, तर त्याला रागावले नसते, पिशवीतला राजगिऱ्याचा लाडू काढून दिला असता. मुलांसाठी हा अंदाज बांधायचा तो एवढ्याच कामासाठी, केव्हा आणि किती खायला द्यायचे हे कळण्यासाठी. त्यांच्यासमोर ‘ही भजी जिरवायला इतके चालावे लागेल’ अशी भाषा कृपया वापरू नये. वाढत्या मुलांच्या मनात अन्नाचे आणि शिक्षेचे नाते जोडले गेले, तर ते सोडवणे फार कठीण जाते.

सासूबाईंचे उदाहरण याच्या अगदी उलट आहे. त्यांचे वय ६६, वजन ५८ किलो, उंची १५० सेंटिमीटर. त्या गाडीरस्त्याने जीपमधून वर आल्या आणि आमच्याबरोबर पावणेतीन तास गडावर होत्या. त्यांतली सुमारे ४० मिनिटे त्या पायऱ्या धरून सावकाश चालल्या, बाकीचा वेळ बसून होत्या. चालण्याला ३ मेट धरले, तर हालचालीचे ७७ आणि बसण्याचे ३६ मिळून ११३ कॅलरी होतात. त्यांचा मूळ खर्च तासाला ४३ च्या आसपास, म्हणून पावणेतीन तासांचे ११८. एकूण २३०. पण घरी आल्यावर सर्वांत जास्त थकलेल्या त्याच होत्या, आणि ‘मी तर काहीच चालले नाही’ असे म्हणत स्वतःलाच दोष देत होत्या. थकवा हा कॅलरींचा नव्हे, तर कुवतीचा हिशेब आहे. जी हालचाल तरुण माणसाच्या कमाल क्षमतेच्या एक चतुर्थांश असते, तीच उतारवयात निम्म्यावर जाते. म्हणून वृद्धांचा श्वास लागला की बोलण्याच्या कसोटीने मेट वाढवू नयेत, पण विश्रांतीची वेळ मात्र कॅलरी न पाहता श्वास पाहूनच ठरवावी. मधुमेहावर इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर अशा दिवसाच्या जेवणाचे आणि औषधाचे वेळापत्रक आपल्या डॉक्टरांना आधी विचारून घ्यावे.

मनगटावरच्या घड्याळाबद्दल पुष्कळजण विचारतात. २०१७ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी अशी सात उपकरणे तपासली होती. हृदयाचे ठोके त्यांतल्या सहांनी ५ टक्क्यांच्या आत अचूक दाखवले, पण कॅलरींच्या बाबतीत सर्वांत चांगले उपकरणसुद्धा सरासरी २७ टक्क्यांनी चुकले आणि सर्वांत वाईट ९३ टक्क्यांनी. त्यानंतर उपकरणे बदलली असली, तरी मूळ अडचण तीच आहे. उन्हात किंवा पाणी कमी प्यायल्यावर तेवढ्याच चालीला ठोके वाढतात, पण ऊर्जेचा खर्च त्या प्रमाणात वाढत नाही, आणि घड्याळाला हा फरक कळत नाही. पावलांची मोजणी तर चढ आणि सपाटी यांत भेदच करत नाही. म्हणून घड्याळाची मदत चालण्याची खरी वेळ, अंतर आणि चढलेली उंची यांच्यापुरती घ्यावी, त्या कामात ते उत्तम आहे. गुणाकार आपला आपण करावा.

गडाऐवजी दुसरीकडे गेलात, तरी रीत हीच, फक्त तुकडे बदलतात. कोकणात समुद्रावर गेल्यास ओल्या घट्ट वाळूवरचे चालणे सपाटीसारखे धरावे, पण पाय रुतणाऱ्या कोरड्या वाळूत तेवढ्याच चालीला खर्च दुपटीच्या आसपास जातो. कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून लाटा अंगावर घेणे म्हणजे पोहणे नव्हे. निवांत पोहण्याला ६ मेट आहेत, ते फक्त प्रत्यक्ष पोहलेल्या मिनिटांनाच लावावेत. सावकाश सायकल चालवण्याचे ४, अंगणातल्या बॅडमिंटनचे ५.५ आणि क्रिकेटचे ४.८ मेट आहेत, पण गल्लीतल्या क्रिकेटमध्ये फलंदाजीची पाळी येईपर्यंत झाडाखाली बसलेला अर्धा तास त्यातून काढायला हवा. प्राणिसंग्रहालयात पिंजऱ्यांपाशी उभे राहण्यातच बराच वेळ जातो. जलक्रीडा उद्यानातला बहुतेक दिवस रांगेत सरतो. हुरडा पार्टीबद्दल काही सांगायला नकोच, तिथे शेतात मारलेली फेरी तेवढी हिशेबात घ्यावी आणि हुरडा मनसोक्त खावा.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर आणखी थोडे. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ३३० ते ३५० कॅलरी असतात, त्यामुळे ७० ग्रॅम पिठाची एक भाकरी २३०-२४० च्या घरात जाते. दोन भाकऱ्या, त्यासोबत ३० ग्रॅम बेसनाचे पिठले आणि त्यातले चमचाभर, म्हणजे १४-१५ ग्रॅम तेल, एवढ्यातच ७०० कॅलरी होतात, मडक्यातले दही आणि कांदाभजी अजून बाकीच आहेत. माझ्या ५३० च्या वाढीव खर्चाशी याची तुलना करून हळहळण्याचे कारण नाही, कारण ते जेवण एरवीच्या दुपारच्या जेवणाच्या जागी होते, त्याच्या जोडीला नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी वजनकाट्यावर एक किलो कमी दिसले, तर तेही मनावर घेऊ नये. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी साठलेल्या असतात, त्या हिशेबाने ५३० कॅलरी म्हणजे ७० ग्रॅमच्या आतबाहेर चरबी. उरलेले सगळे घामावाटे गेलेले पाणी असते आणि दिवसभर नीट पाणी-ताक प्यायल्यावर ते परत येते. तसेच उतरणीमुळे दोन दिवस मांड्या दुखतात म्हणून उतरणीचा आकडा वाढवू नये. त्या दुखण्याचा संबंध स्नायूंवर पडलेल्या ताणाशी आहे, खर्च झालेल्या ऊर्जेशी नाही.

आता आमच्या घरी यासाठी एक वही आहे. प्रत्येक सहलीचे एक पान, वर तारीख, ठिकाण, हवा आणि चढलेली उंची, खाली माणसागणिक दोन रकाने. मुलांची वजने दर सहा महिन्यांनी नव्याने घेते, कारण त्यांच्या बाबतीत जुने वजन वापरले की सगळेच बिघडते. पुढच्या सहलीची तयारी करताना आधी हेच पान उघडते. सिंहगडाच्या पानावर धाकट्याच्या नावापुढे लिहून ठेवले आहे: ‘निघण्यापूर्वी दूध-पोहे, सव्वासातला राजगिऱ्याचा लाडू, आठला केळे, पाणी दर थांब्यावर.’ आणि सासूबाईंच्या नावापुढे: ‘पुणे दरवाजानंतर बसायला पंधरा मिनिटे, घाई करू नये.’